टेटनची दरी : एका खरेदीची आणि दानाची कथा

अमेरिकेतील पर्वतप्रदेश पाहण्यासाठी अनेक कुटुंबे ‘आरव्ही’ हे वाहन भाड्याने घेतात. ते म्हणजे चाकांवरचे घरच. झोपण्याची जागा, स्नानगृह आणि स्वयंपाकघर सारे त्यात असते. आपल्यासारख्या शाकाहारी कुटुंबांना ते विशेष सोयीचे. डाळ-तांदूळ, पीठ सोबत घ्यावे आणि स्वतःच्या हाताने रांधावे. जूनअखेरीस तेथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांचीही ओढाताण होत नाही. मात्र पाणी मोजून वापरावे लागते, आणि सांडपाण्याची टाकी नेमलेल्या ठिकाणीच रिकामी करावी लागते.

वायोमिंग राज्यातील यलोस्टोन ते ग्रँड टेटन हा या प्रवासाचा उत्तम मार्ग. १८७२ साली स्थापन झालेले यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान मानले जाते. जमिनीतून उसळणारे उष्ण पाण्याचे फवारे, वाफाळणारी रंगीत कुंडे आणि रस्ता अडवून संथ चालणारे गवे हे त्याचे वैभव. गव्यांपासून २५ यार्ड आणि अस्वलांपासून १०० यार्ड दूर राहण्याचा तेथे नियम आहे. फिशिंग ब्रिज येथील आरव्हीतळावर अस्वलांच्या वावरामुळे तंबूला परवानगीच नाही. तेथे भक्कम भिंतींचे वाहन लागते.

यलोस्टोनचे दक्षिणद्वार ओलांडले की थोड्याच वेळात टेटनची शिखरे समोर येतात. पायथ्याला टेकड्यांची रांग नाही. सपाट दरीतून पर्वत एकदम सुमारे ७,००० फूट उभा राहतो. सर्वोच्च शिखराची उंची १३,७७५ फूट. खाली स्नेक नदीचे वळण आणि मोकळे माळ. हे माळ मोकळे राहिले, यामागे एक व्यवहार आहे.

१९२९ साली झालेल्या मूळ उद्यानात शिखरे आणि पायथ्याची सरोवरेच होती. दरीतील बरीच जमीन खासगी होती. १९२६ साली उद्योगपती जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) तेथे आले असता रस्त्याकडेच्या तारा आणि ओबडधोबड बांधकामे त्यांना खटकली. भाव वाढू नयेत म्हणून त्यांनी स्वतःचे नाव गुप्त ठेवून एका कंपनीमार्फत सुमारे ३५,००० एकर जमीन विकत घेतली. १९३० साली खरा खरेदीदार उघड झाला, तेव्हा अनेक स्थानिकांना फसवणूक झाल्यासारखे वाटले. गुराख्यांना चराईची आणि जिल्ह्याला कराच्या उत्पन्नाची चिंता होती. १९४३ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी दरीला संरक्षित स्मारकाचा दर्जा दिला, तेव्हा विरोधकांनी शेकडो गुरे त्या भूमीवरून हाकत नेऊन निषेध केला.

अखेर १९४९ साली सुमारे ३२,००० एकर जमीन राष्ट्राला अर्पण झाली आणि १९५० साली आजचे विस्तारित उद्यान अस्तित्वात आले. त्या कायद्याने चराईचे जुने हक्क सांभाळले आणि बुडालेल्या कराची काही वर्षे भरपाईही दिली.

व्यापारी कुटुंबांना ही हकीकत विचार करण्याजोगी वाटेल. दात्याचा हेतू उदात्त होता, तरी ज्यांची उपजीविका त्या भूमीवर होती त्यांचा हिशेब चुकता होईपर्यंत ते दान पूर्ण झाले नाही. तो हिशेब बऱ्याच अंशी चुकता झाला, म्हणूनच आज कोणत्याही देशाचा प्रवासी गाडी थांबवून ती शिखरे निर्वेधपणे पाहू शकतो.