पडीक माळावरचे बिऱ्हाड

"त्या पडीक माळावर काय बघणार?" निघताना शेजारी हसले होते. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचे. चैत्रातल्या पहाटे आम्ही तिथे गाडीतच श्वास रोखून बसलो.

"बाबा, कोल्हा!" धाकटी कुजबुजली.

"कोल्हा नव्हे, खोकड. शेपटीचं काळं टोक बघ."

खोकडीच्या तोंडात उंदीर होता. बिळाशी तीन पिल्ले वाट पाहत होती. मी कॅमेऱ्याची कळ दाबली. तेवढ्या आवाजाने ती थबकली, पिल्ले गडप झाली. ओशाळून मी कॅमेरा खाली ठेवला. बऱ्याच वेळाने ती बिळाशी आली आणि पिल्लांची न्याहारी झाली.

छायाचित्र एकच मिळाले, तेही हललेले. शेजाऱ्यांना ते दाखवताना धाकटी म्हणाली, "काका, तो माळ पडीक नाही. तिथं बिऱ्हाड आहे!"