खुर्च्या आणायला गेलेला माणूस

माझा धाकटा भाऊ लंडनला असतो. आम्ही उभयता त्याच्याकडे पंधरा दिवस गेलो, तेव्हा त्याला रजा मिळेना. (बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला रजा न मिळणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.) म्हणून त्यानं आम्हाला एका दिवसाच्या सहलीची तिकिटं काढून दिली. विंडसरचा किल्ला, स्टोनहेंज आणि बाथ. सकाळी आठला निघून रात्री आठला परत. अष्टविनायक दोन दिवसांत उरकणारी माणसं आम्ही, आम्हाला त्याचं काय!

गाइडबाई छत्री उंच धरून पुढे आणि आम्ही चाळीसजण मागे, अशी दिंडी निघाली. विंडसरचा किल्ला अकराव्या शतकातला आणि राजघराणं अजून तिथं राहतं. १९९२ साली आग लागून शंभरावर खोल्यांचं नुकसान झालं, ते पाच वर्षांत दुरुस्त झालं म्हणे. आमच्या सोसायटीची गच्ची मी राहायला आलो त्या दिवसापासून दुरुस्त होते आहे.

मग स्टोनहेंज. उघड्या माळावर प्रचंड शिळा, वर आडव्या शिळा. काही दगड सव्वादोनशेहून अधिक किलोमीटरवरून, पार वेल्समधून आणलेले, तेही साडेचार हजार वर्षांपूर्वी. मी भक्तिभावानं बघत होतो. तेवढ्यात गाइडबाईंनी घात केला. म्हणाल्या, १९१५ साली हे स्टोनहेंज लिलावात निघालं होतं. सेसिल चब नावाच्या गृहस्थांनी ते ६,६०० पौंडांना घेतलं. असं सांगतात, की बायकोनं त्यांना खुर्च्या आणायला पाठवलं होतं! पुढे १९१८ साली त्यांनी ते देशाला देऊन टाकलं, तिकीट एका शिलिंगाच्या वर नेऊ नये या अटीवर. आता वीस पौंडांनीही भागत नाही, हे मी तिथल्या तिथे टिपून ठेवलं.

सौ. मात्र दगडांकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"तुम्हाला खुर्च्या आणायला पाठवलं असतं, तर तुम्ही चौकशी करून परत आला असता."

घाव वर्मी होता. २००७ साली ठाण्यात, स्टेशनजवळ, दोन खोल्यांची जागा चालून आली होती. बँकेतला माणूस, कर्ज सवलतीच्या व्याजानं. पण मी कोष्टक मांडलं, चौघांना विचारलं आणि भाव उतरणार असा निष्कर्ष काढला. भावांना माझा निष्कर्ष कुणी कळवला नाही. शेवटी त्याहून जास्त पैसे मोजून बदलापूरला घेतली, तीही स्टेशनपासून रिक्षानं पंधरा मिनिटं.

तिथल्या दुकानात स्टोनहेंजची एक चिमुकली प्रतिकृती होती. मी किंमत बघितली, मनात रुपये केले आणि जिथली तिथे ठेवली.

बाथपर्यंत आम्ही बोललो नाही. बाथला रोमन लोकांनी बांधलेलं स्नानगृह आहे. शेहेचाळीस अंशांचं पाणी, रोज अकरा लाख लिटरच्या वर जमिनीतून येतं. पण आत उतरायची बंदी! "त्यापेक्षा आपली वज्रेश्वरी बरी," सौ. म्हणाली. म्हणजे अबोला सुटला. तिथं देवीला उद्देशून शिशाच्या पत्र्यांवर लिहिलेले तक्रारअर्जही मांडले आहेत, शंभरावर सापडलेत. एकाचे दोन हातमोजे चोरीला गेले, तर चोराची बुद्धी आणि डोळे जावोत, अशी मागणी. हातमोज्यांना हा दर, तर ठाण्याच्या दोन खोल्यांना काय, याचा अंदाज घेत मी तिला तिथून पुढे नेलं.

परतीच्या बसमध्ये अंधार पडला. सौ.नं पर्समधून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या मांडीवर ठेवलं. सोडून बघतो तो स्टोनहेंज!

"अगं, हे कधी घेतलंस?"

"तुम्ही रुपये करत होतात तेव्हा."