उंटवाल्यांच्या वाटेने मरीपर्यंत

मानवतला कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगसमोर गाड्यांच्या रांगा लागतात. मुलांच्या अब्बांनी तीस वर्षं इथून रुईच्या गाठी ट्रकने मुंबईला पोचवल्या. सीटच्या मागे रॉकेलचा स्टोव्ह, पाण्याचा कॅन, ज्वारीच्या पिठाचा डबा आणि जानमाज, एवढा त्यांचा संसार. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी आम्हा सगळ्यांना त्याच केबिनमध्ये बसवून नेलं होतं. रात्री रस्त्याच्या कडेला मी भाकरी थापल्या, मुलं ताडपत्रीवर झोपली. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता.

आज तो ऑस्ट्रेलियात, ॲडलेड शहरात नोकरी करतो. गेल्या वर्षी मी त्याच्याकडे गेले तेव्हा तो म्हणाला, "अम्मी, या सुट्टीत कॅरॅव्हॅन घेऊन रानात जाऊ." कॅरॅव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे जोडायची चाकांवरची खोली. दोन शेगड्या, पाण्याची टाकी, छोटा फ्रिज, भिंतीला घडी होऊन बसणारे पलंग. शब्द इंग्रजी वाटतो, पण मूळ आपल्या ओळखीचं आहे, फारसीतलं कारवाँ. मी आत पाऊल टाकलं आणि मला ट्रकची केबिनच आठवली.

या प्रवासामागे आमच्या दोघांत एक न बोललेली गोष्ट होती, तीही सांगते. तीन वर्षांपूर्वी मुलांचे अब्बा गेले. मुलाला तिकीट मिळून, हैदराबादला उतरून, रेल्वेने मानवत रोडला पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. मय्यत ताटकळत ठेवायची नसते. आम्ही त्याच दिवशी असरनंतर दफन केलं होतं. मुलगा हातातल्या बॅगेसकट आधी कब्रस्तानात गेला, मग घरी आला. कुणी त्याला काही बोललं नाही, तोही काही बोलला नाही. पण तेव्हापासून दर फोनवर त्याचं एकच, "अम्मी, अब यहींच रहो." मी म्हणायची, बघू. खरं कारण मी सांगत नव्हते. मला परक्या मातीची भीती वाटत होती. माझी जागा अब्बांच्या शेजारी, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

जुलै महिना निवडला, कारण तिकडे तेव्हा हिवाळा असतो. उन्हाळ्यात त्या रानात माणूस भाजून निघतो. निघण्याआधी आम्ही शहरातल्या लिटल गिल्बर्ट स्ट्रीटच्या मशिदीत गेलो. ही दगडी मशीद १८८८-८९ साली बांधली गेली, चार मिनार १९०३ साली उभे राहिले. नातीने विचारलं, "दादी, एवढ्या जुन्या काळी इथे मुसलमान कुठून आले?" तिचं उत्तर आम्हाला पुढचे सात दिवस रस्त्यावर मिळत गेलं.

उत्तरेला सुमारे तीनशे किलोमीटरवर पोर्ट ऑगस्टा हे बंदर आहे. १८६६ च्या सुमारास इथे कराचीहून एक जहाज आलं. त्यात शंभराहून जास्त उंट होते आणि ३१ उंटवाले. त्या आधी, १८६० साली, बर्क आणि विल्स यांच्या शोधमोहिमेसाठीही कराचीहूनच उंट आणि उंटवाले आणले होते. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत दोन ते चार हजार माणसं या कामासाठी आली असावीत, असा अंदाज आहे. कुणी बलुचिस्तानचा, कुणी पेशावरचा, कुणी सिंध-पंजाबचा. गोऱ्यांनी सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हटलं. ऑस्ट्रेलियाच्या पोटात पाणी नाही, घोडा आणि बैल तिथे टिकत नव्हते. उंट टिकला. १८७२ साली दक्षिणेकडून उत्तरेच्या डार्विनपर्यंत तारेची लाइन पुरी झाली, तिच्या कामात उंट राबले. खाणींना पीठ-पाणी आणि मेंढपाळांच्या वाड्यांना सामान पोचवायचं, परत येताना लोकरीच्या गाठी लादून रेल्वेपर्यंत आणायच्या, हा त्यांचा धंदा.

"अब्बांसारखंच," मुलगा गाडी चालवता चालवता म्हणाला, "ते रुईच्या गाठी, हे लोकरीच्या." त्याने अब्बांचं नाव काढलं ते बऱ्याच दिवसांनी.

क्वॉर्न आणि हॉकर गावं मागे पडली तशी झाडं खुरटत गेली, उजवीकडे फ्लिंडर्सचे लालसर डोंगर लागले. रस्त्याकडेला दगडी घरांचे सांगाडे दिसू लागले. छप्पर नाही, नुसत्या भिंती आणि धुराडं. त्याची गोष्ट मराठवाड्याच्या माणसाने ऐकण्यासारखी आहे. १८६५ च्या मोठ्या दुष्काळात जॉर्ज गॉयडर या सरकारी मोजणी अधिकाऱ्याने घोड्यावरून फिरून नकाशावर एक रेघ ओढली. या रेघेच्या उत्तरेला वर्षाला दहा-बारा इंचांपेक्षा कमी पाऊस, तिथे गहू पेरू नका, असं त्याने सांगितलं. पुढे काही वर्षं पाऊस बरा झाला. लोक रेघ विसरले. जमीन नांगरली की पाऊस मागोमाग येतो, अशी तेव्हा समजूतच होती. मग पाऊस फिरला आणि घरं सोडून माणसं निघून गेली. पुढे फरीना नावाचं आख्खं गाव तसंच ओस पडलेलं पाहिलं. फरीना म्हणजे पीठ. गव्हाचं कोठार होईल, या आशेने ठेवलेलं नाव. माझ्या डोळ्यांसमोर १९७२ उभं राहिलं. तेव्हा आम्ही मुली दुष्काळी कामावर खडी वाहणाऱ्या आयांना भाकरी पोचवायचो.

रानातल्या प्रवासाचे काही नियम मुलाने आधीच घोटून घेतले होते. संध्याकाळनंतर गाडी चालवायची नाही, कारण कांगारू अचानक आडवे येतात. पाणी आणि डिझेल नेहमी गरजेपेक्षा जास्त ठेवायचं. गाडी बंद पडली तर तिला सोडून चालायला लागायचं नाही. माणूस शोधून सापडत नाही, गाडी सापडते. कच्चे रस्ते पावसाने बंद होतात, म्हणून निघण्याआधी रस्ता चालू की बंद याची पाटी वाचायची. समोरून तीन-तीन डबे जोडलेला ट्रक आला की बाजूला थांबून धुरळा बसू द्यायचा.

आमचे आणखी दोन नियम होते. मुसाफिर म्हणून जोहर, असर आणि इशाच्या चार फर्जऐवजी दोन पढायच्या आणि वुजू एका तांब्यात उरकायचा. नातवाला घरी नळ सोडून वुजू करायची सवय. मी त्याला सांगितलं, वाहत्या नदीकाठी बसलास तरी पाणी वाया घालवू नये, अशी आपल्या पैगंबरांची शिकवण आहे. तिसऱ्या दिवसापर्यंत तो तांब्यात पाणी उरवून दाखवू लागला. एक गंमत त्याच्या लक्षात आली. तिकडे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. पण किबला मात्र मानवतसारखाच, पश्चिमेला, जरासा उत्तरेकडे कललेला.

मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे मुलांना दादीशिवाय इलाज नव्हता. सूनबाईने भाजी चिरायची, मी शेगडीवर भाकरी भाजायची आणि मुलांनी मला अब्बांच्या ट्रकच्या गोष्टी विचारायच्या, असा संध्याकाळचा क्रम पडला. ॲडलेडमध्ये दोन महिन्यांत जेवढं बोलणं झालं नव्हतं, तेवढं चार रात्रींत झालं.

चौथ्या दिवशी मरी आलं. नाव ऐकून मी आधी दचकले होते. आपल्याकडे मरी म्हणजे पटकी. ॲडलेडपासून जवळपास सातशे किलोमीटरवरचं हे गाव एकेकाळी उंटांच्या तांड्यांचं मोठं ठाणं होतं. इथून बर्ड्सव्हिल आणि ऊडनडाटा या दोन लांब वाटा फुटतात. जुन्या रेल्वेचे रूळ गावातून जात. एका बाजूला गोरे राहायचे, दुसऱ्या बाजूला अफगाण आणि मूळचे आदिवासी. याच रेल्वेला पुढे 'द गॅन' नाव पडलं, अफगाण या शब्दावरून. उंटवाल्यांनी इथे मातीची मशीद बांधली होती, खजुराची झाडं लावली होती. मूळ मशीद आता नाही. तिची आठवण म्हणून मातीची आणि गवती छपराची एक छोटी प्रतिकृती उभारली आहे, वुजूच्या हौदासकट. आम्ही तिच्याजवळ चटई अंथरून जोहर पढलो.

मग कब्रस्तानात गेलो. गोऱ्यांच्या, आदिवासींच्या आणि अफगाणांच्या कबरी वेगवेगळ्या भागांत आहेत. आपल्या भागात गेल्यावर सांगावं लागलं नाही. कबरी उत्तर-दक्षिण, तोंड पश्चिमेला, अगदी मानवतसारख्या. बऱ्याच कबरींवर नाव नाही. दगडांची कड आणि लाल माती. यांतल्या बहुतेकांना बायको-मुलं आणू दिली नव्हती. १९०१ च्या कायद्याने तर आशियातल्या माणसांना दारच बंद झालं. काहींनी इथल्या आदिवासी आणि गोऱ्या बायकांशी संसार केले, त्यांची नातवंडं-पतवंडं या मुलुखात आजही आहेत. बाकीच्यांच्या घरी, कुठेतरी पेशावरकडे किंवा सिंधमध्ये, आया वाट बघत राहिल्या असतील. १९२० नंतर मोटार-लॉऱ्या आल्या आणि उंटांचं काम संपलं. मोकाट उंट मारायचा कायदा झाला. पुष्कळांनी आपले उंट मारण्याऐवजी रानात सोडून दिले.

आम्ही फातिहा पढली. नातवाने विचारलं, "दादी, यांना आपण ओळखतो?" मी म्हटलं, "नाही बाळा." तो म्हणाला, "तरी चालतं?" मी म्हटलं, "चालतं."

दुसऱ्या दिवशी कॅरॅव्हॅन मरीत ठेवून आम्ही नुसत्या मोटारीने एर सरोवर बघायला निघालो. कच्च्या रस्त्यावर टायर फुटला. दोन्हीकडे क्षितिजापर्यंत माणूस नाही. मुलाने उतरून आधी चाकांना दगड लावले, गाडी जमिनीवर असतानाच नट ढिले केले, मग जॅकखाली फळी सरकवली. तो हे कुठे शिकला ते मला विचारावं लागलं नाही. तेवढ्यात मागून आलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याने गाडी थांबवली. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पाणी आहे ना?" चाक बसेपर्यंत ते हलले नाहीत. त्या रानात कुणी थांबलेल्या गाडीला ओलांडून जात नाही.

ते गेल्यावर मुलगा हात पुसत माझ्याजवळ बसला. म्हणाला, "अम्मी, अब्बांनी मला चाक बदलायला शिकवलं. आणि मी त्यांना तीन मुठी माती देऊ शकलो नाही." एवढं बोलून तो रडला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

मी त्याला म्हटलं, "काल ज्यांच्यासाठी तू हात उचललेस, त्यांना माती द्यायला त्यांचा मुलगा नव्हता. शंभर वर्षांनी तू आलास. दुआला अंतर लागतं का? अब्बांना तुझी दुआ रोज पोचते. माती देणारे मोहल्ल्यातले चाळीस जण होते, दुआ करणारा मुलगा एकच आहे." आणि मग माझी गोष्टही सांगितली, परक्या मातीची भीती. काल त्या कबरींपाशी ती भीती गेली होती. जमीन सगळी अल्लाहची आणि किबला एकच.

त्या दुपारी आम्ही सरोवराच्या काठी उभे राहिलो. तळ समुद्रसपाटीहून सुमारे पंधरा मीटर खाली, पाणी क्वचितच भरतं, एरवी दृष्टी पोचेल तिथवर पांढरं मीठ. लोणारचं खारं पाणी मी पाहिलं होतं, पण एवढं मीठ नाही. तिथेच आमचं ठरलं. मी मानवतला परत जाणार, कारण माझं घर, माझी माणसं तिथे आहेत. दर वर्षी जमेल तसं मुलाकडे येणार. आणि ॲडलेडला असताना बोलावणं आलं, तर मय्यत विमानाने पाठवण्याची धडपड करायची नाही. जवळच्या कब्रस्तानात, त्याच दिवशी, त्याने स्वतःच्या हाताने माती द्यायची. मुलगा बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "ठीक आहे, अम्मी."

मानवतला परतल्यावर पहिल्या जुम्याला मी धाकट्या दिराला अब्बांच्या कबरीवर पाठवलं. त्याने फोन लावून कानाला धरला आणि ॲडलेडहून मुलाने, नातीने आणि नातवाने एकामागून एक फातिहा पढली. नातवाने शेवटी विचारलं, "चाचा दादा, मरीच्या लोकांसाठी पण पढू का?" दिराला काही कळलं नाही. मी घरून त्याला म्हटलं होतं, पोरगं जे म्हणेल त्याला हो म्हण. तो हो म्हणाला.