टेलिफोनमधली टिचकी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्राविषयी लिहावे हे संपादकांना रुचेल की नाही, कोण जाणे! पण 2023 साली फीचे पैसे जमवण्यासाठी मी संध्याकाळी एका मालवाहतुकीच्या कचेरीत बसत होतो, तेव्हाची ही हकीकत आहे.

तिथे बोर्डावर एक ताई असत. फोन उचलायचा, आत जोडून द्यायचा, फॅक्स घ्यायचा, हे त्यांचे काम. पुढे गिऱ्हाइकांची ओरड सुरू झाली. बोलताना टक्‌ टक्‌ आवाज येतो, फॅक्सचे पान अर्ध्यावर तुटते, एखादे वेळी फोनच बंद पडतो. मालकांनी निदान केले की ताई फोन आपटतात. दोन दिवसांचा पगार कापला गेला. "मी कशाला आपटू? रिसीव्हर काय माझा वैरी आहे?" ताई म्हणाल्या. पण त्यांच्या बाजूने साक्ष देणार कोण?

साक्ष संगणकात होती. आमचे फोन ॲस्टरिस्क या प्रणालीवर चालत आणि बाहेरची ई-वन लाइन एका कार्डात येई. या लाइनवर 32 खाने असतात. पहिला खाना चौकट जुळवण्यासाठी, एक निरोपांसाठी, उरलेले 30 संभाषणांसाठी. अशा 8000 चौकटी दर सेकंदाला धावतात. कार्ड चालवणारा डाहडी नावाचा ड्रायव्हर प्रत्येक चुकीची नोंद ठेवतो, आणि चुकीच्या जातीही वेगवेगळ्या! केबल खराब असेल तर संकेतभंगाचा आकडा चढतो, वाटेत बिट बदलले तर सीआरसीचा.

दुरुस्तीला आलेल्या काकांनी हे आकडे उघडले. संकेतभंग शून्य, सीआरसी शून्य. म्हणजे मालक बदलायला निघाले होते ती केबल निर्दोष. वाढत होता तो एकच आकडा, टायमिंग स्लिपचा. काकांनी तो रात्री दहाला कागदावर टिपला. सकाळी सहाला पाहिले, तर जवळजवळ 2300 ने वाढलेला. कचेरीला कुलूप, बोर्डावर कोणी नाही, आणि तरी टिचक्या चालूच!

कारण साधे होते. कार्ड आपल्याच घड्याळावर चालत होते आणि टेलिफोन कंपनीचे घड्याळ निराळे. दोन घड्याळांत दहा लाखांत दहाचा फरक असला, तरी दर साडेबारा सेकंदांना एक चौकट गळते किंवा दुहेरी पडते. (इतका अचूक चालणारा मनगटी घड्याळवाला दिवसाला एक सेकंदही चुकणार नाही, आणि आपण त्याचे कौतुक करू!) बोलण्यात ती टिचकी वाटते, फॅक्सचे मात्र पान जाते. निरोपांच्या खान्यातला मजकूर नेमका त्या क्षणी सापडला, तर जोडणीही बिघडते.

कार्ड बसवणाऱ्याने मांडणीच्या फाइलीत वेळेच्या जागी 0 लिहून ठेवला होता. काकांनी तिथे 1 लिहिला, म्हणजे घड्याळ कंपनीचे घ्यायचे. ड्रायव्हर पुन्हा चालू केल्यावर स्लिपचा आकडा हललाच नाही.

मी तो रात्रीचा कागद मालकांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि काकांच्या बिलावर सही केली. पुढच्या महिन्यात ताईंच्या पाकिटात दोन दिवसांचे पैसे जास्त निघाले. सोबत चिठ्ठी वगैरे काही नव्हती. ताईंनी ते मोजले, पर्समध्ये टाकले आणि वाजणारा फोन उचलला.