छत्री आग्नेयेला

भिवपुरी, ता. कर्जत
श्रावण

ती. दादा,


मागच्या फोनवर तू म्हणालास, "केबल काढून टाक, अँटेना लाव, बाकीचं नेटवर बघा." केबल काढली. पण न्यू जर्सीत तू खिडकीत लावतोस तसला अँटेना इथे चालणार नाही. त्याचं कारण फोनवर दोन मिनिटांत सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुमच्याकडे २००९ च्या जूनमध्ये मोठी स्टेशनं डिजिटल झाली आणि आजही ती हवेतून फुकट मिळतात. आपल्याकडे जमिनीवरच्या टॉवरवरून चित्र पाठवायचं काम फक्त दूरदर्शनचं राहिलं. खासगी वाहिन्यांना ती परवानगी कधी मिळालीच नाही. पुढे दूरदर्शननेही जुने ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद केले. २०२२ पर्यंत मोजकेच उरले. मुंबईत २०१६ मध्ये टॉवरवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं खरं, पण ते पकडणारा ट्यूनर आपण दुकानातून आणतो त्या बहुतेक टीव्हींमध्ये नसतो. म्हणजे छपरावर अँटेना उभा केला तरी तो पकडणार काय?

तसा टॉवर आपल्या वाट्याला पूर्ण कधी आलाच नव्हता. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, वरळीचा टॉवर तीनशे मीटर उंच, पण मध्ये माथेरान आडवं. पुण्याचं प्रक्षेपण सिंहगडावरून, तर त्या बाजूला घाटाची भिंत. बाबा कौलांवर चढून बांबू फिरवायचे, तू अंगणात, मी टीव्हीसमोर, आणि मी ओरडायचो, "आलं, आलं... गेलं!" रामायण आपण पडद्यावरच्या मुंग्यांमधूनच पाहिलं. आपल्या भिवपुरीच्या पॉवरहाउसमधली वीज १९२२ पासून मुंबईकडे जाते, आणि मुंबईचं चित्र मात्र आपल्यापर्यंत धड पोचत नव्हतं, याचं बाबांना फार वाटायचं. ते बोलून दाखवायचे आणि मला ते पटायचं. म्हणून केबल आली तेव्हा ती चैन वाटली नाही, हक्काचं काहीतरी उशिरा मिळाल्यासारखं वाटलं.

आता आपल्या घरावर दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशची छत्री आहे. छत्री, बॉक्स आणि वायर मिळून एकदाच दीड-दोन हजार गेले, महिन्याला काही नाही. ही सेवा २००४ च्या डिसेंबरात 'डीडी डायरेक्ट प्लस' नावाने सुरू झाली आणि आज देशातल्या चार कोटींहून जास्त घरांत आहे, तरी शहरातल्या लोकांना तिची फारशी माहिती नसते. तुझ्या बोलण्यातही ती नव्हती.

बसवायला आलेला मुलगा कर्जतचा. त्याने आधी मोबाइलवर दिशा पाहिली आणि छत्रीचं तोंड आग्नेयेला केलं, साधारण ढाक आणि राजमाचीच्या मधल्या आकाशाकडे. मला वाटलं, तिकडे तर सह्याद्री आहे, परत तेच होणार. तो म्हणाला, "काका, ही दिसते समोर बघताना, पण बघते वर." मग मी समजून घेतलं. उपग्रह, म्हणजे जीसॅट-१५, विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला आहे. आपल्या अंगणातून तो क्षितिजापासून जवळजवळ ५८ अंश वर येतो, आणि इतक्या उंचीवर कुठलाही डोंगर आड येत नाही. छत्रीची वाटी मुद्दाम अशा कलाची असते की ती उभी वाटली तरी किरण वरून घेते. ज्या घाटाने आपलं चित्र अडवलं, त्याच्याच डोक्यावरून आता ते येतं. अडचण झाली ती आंब्याची. फांदी तोडू का, असं त्याने विचारलं. आई ओट्यावरूनच नाही म्हणाली. छत्री गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेली, वाटीसमोरचा एलएनबी किंचित पिळून घट्ट केला, मीटरची सुई वर गेली आणि काम झालं.

पावसात त्रास होतो, हे लपवत नाही. सर जोरात आली की चित्राचे चौकोन पडतात, आवाज तुटतो आणि कधी पडदा काळा होतो. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींना पावसाचं पाणी अडवतं, त्याला इलाज नाही. सर ओसरली की चित्र आपोआप परत येतं. केबलच्या वेळी खांबावरची वायर तुटली की माणूस येईपर्यंत वाट बघावी लागायची, त्यापेक्षा हे मला बरं वाटतं.

पैशाचंही सांगतो. १ फेब्रुवारी २०१९ पासून 'ट्राय' या नियामक संस्थेचा नवा नियम आला. तेव्हा शंभर वाहिन्यांची जोडणीच १३० रुपये, कर धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि पैसे घेणाऱ्या वाहिन्यांचे दर त्यावर वेगळे. निवड आपल्या हातात येईल असं म्हणत होते. आपल्या घरी निवड झालीच नाही, ज्या गठ्ठ्यात आईची मालिका होती तो गठ्ठा घ्यावा लागायचा.

क्रिकेटचं ऐकून तुला आश्चर्य वाटेल. २००७ च्या कायद्याप्रमाणे भारताचे एकदिवसीय आणि ट्वेंटी-ट्वेंटी सामने दूरदर्शनला द्यावेच लागतात. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या टॉवरवर आणि स्वतःच्या डिशवरच दाखवायचं, केबलवर नाही. म्हणजे पैसे भरणाऱ्या केबलवाल्या घराला जे फुकट मिळत नाही, ते फ्री डिशच्या घराला मिळतं. वाडीतली पोरं सामन्याच्या दिवशी आपल्याकडे का येतात, ते आता तुझ्या लक्षात येईल.

फ्री डिशवर दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी आहे. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम, मग सातच्या बातम्या, हे आईचं ठरलेलं. मराठी सिनेमे दाखवणाऱ्या एक-दोन वाहिन्याही लागतात, पण त्या लिलावात जागा घेतात, त्यामुळे आज असलेली वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असं नाही. २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपल्या हिंदी वाहिन्या एका रात्रीत काढून घेतल्या होत्या. झी मराठी आणि स्टार प्रवाह इथे नाहीत. ही उणीव मोठी आहे, आणि ती नेट भरून काढतं.

नेटची गोष्ट अशी की केबल काढली तरी केबलवाला सुटला नाही. त्याच खांबांवरून त्याने आता फायबर ओढलंय आणि ज्या वहीत केबलचे पैसे लिहायचा, त्याच वहीत नेटचे लिहितो. मला त्याचं बरं वाटलं. त्याचा धंदा बुडाला असता तर मनाला लागलं असतं, कारण आपल्या भागातली खरी वाहिनी तोच चालवायचा. गणपतीची मिरवणूक, पालखी, कर्जत-खालापुरातल्या कबड्डीच्या रात्री, पाणी येणार नसल्याची सूचना, कोणाच्या दशक्रियेची वेळ, हे सगळं केबलवर दिसायचं आणि दुसरीकडे कुठेच नाही. केबल काढताना माझा हात अडला तो त्यासाठी. पण हल्ली मंडळांची पोरं मैदानाच्या कडेला तिवईवर मोबाइल लावतात आणि सामना सरळ यूट्यूबवर सोडतात. मागच्या मोसमात आम्ही अंतिम सामना मोठ्या पडद्यावर पाहिला. पंचांची शिट्टी, मैदानातली धूळ आणि मागे भेळवाल्याची आरोळीसुद्धा ऐकू येत होती.

आईच्या मालिका झी५ आणि जिओहॉटस्टारवर आहेत. त्या माझी मुलगी लावून देते. इथेच माझं तुझ्याशी जमत नाही, दादा. तू म्हणतोस, सगळं नेटवर न्या. आईला पासवर्ड जमत नाही. अपडेट आलं की पडद्याचा चेहरा बदलतो आणि तिला तिची वाहिनी सापडत नाही. मग ती मुलगी कॉलेजातून यायची वाट बघते. दिवसभर घरात एकटी असणाऱ्या माणसाने टीव्हीसाठी कोणाची वाट बघायची, हे मला सहन होत नाही. २०२४ च्या जुलैत मोबाइलचे रिचार्ज महागले, तेव्हा वाडीतल्या कितीतरी घरांनी एक-एक फोन बंद ठेवला. ज्या घरात छत्री आहे तिथे निदान बातम्या थांबल्या नाहीत. ज्याचं चित्र रिचार्जवर अवलंबून नाही, असा एक टीव्ही प्रत्येक घरात असावा. नेट त्याच्या जोडीला. आणि फ्री डिशवर मराठीला लिलावाबाहेरच्या चार पक्क्या जागा मिळाव्यात, असं मी दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला लिहिणार आहे. कच्चा मसुदा पाठवतो, तू नीट करून दे.

तू ॲपचे वर्षाचे पैसे भरतो म्हणालास. भर, नाही म्हणत नाही, मुलीला आणि हिला हवंय. पण नवा स्मार्ट टीव्ही पाठवायचं मनात असेल तर तो मधल्या खोलीसाठी पाठव. आईच्या खोलीतला जुना टीव्ही आणि त्याच्यावरचा बॉक्स तसाच राहील. त्याच्या रिमोटची तिला लागतात तेवढी बटणं मी रंगाने खुणा करून दिली आहेत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा