पान उलटून पाहणारा

धामणगावहून यवतमाळला जाताना मध्ये बाभुळगाव लागतं. दोन्ही बाजूंना काळं रान, आणि दिवाळीच्या सुमारास त्यावर पांढरीशुभ्र फुटलेली पऱ्हाटी. माझा शाळेतला मित्र मला त्या पांढऱ्या रंगातच आठवतो. सकाळची वेचणी आटोपून तो धावत शाळेत यायचा. केसांत, स्वेटरच्या बाह्यांवर कापसाचे तंतू चिकटलेले असायचे. प्रार्थनेच्या रांगेत मी ते हळूच काढायचो.

एकाधिकार खरेदीचे ते दिवस. 1972 साली सुरू झालेल्या त्या योजनेत कापूस सरकारी केंद्रावरच घालावा लागे. केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागायची आणि नंबर येईपर्यंत रात्र तिथंच काढावी लागायची. एका रात्री मीही त्याच्या वडिलांच्या गाडीवर होतो. कापसाच्या उबेत आडवे होऊन आम्ही चांदण्या पाहत होतो, खाली बैल रवंथ करत होते. तो म्हणाला, "चुकारा भेटला का पहिले कंपास घेतो." कापसाच्या पैशांचा चुकारा काही वेळेवर आला नाही. वर्षभर आम्हा दोघांची वर्तुळं एकाच कंपासातून निघाली.

भूमितीपेक्षा वावर त्याला जास्त कळायचं. पऱ्हाटीचं पान तो दोन बोटांनी अलगद उलटं करायचा. "कीड वरून नाही दिसत गड्या, पानाखाली पाहा लागते." खरंच, खालच्या शिरांवर पोपटी तुडतुडे असायचे. उजेड पडताच ते तिरके तिरके पळायचे. तो पळणारे तुडतुडे पाहायचा, मी त्याचा चेहरा. एवढ्या एकाग्रतेनं शिकणारा विद्यार्थी मला पुढे कुठल्याच वर्गात दिसला नाही.

2017 च्या पावसाळ्याअखेर तो गेला. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती. पंपाची नळी उंच धरली की तुषार तोंडावर, छातीवर उलटायचे. उकाड्यानं अंग घामेजलेलं, सदरा भिजलेला, आणि विष कातडीतून, श्वासातून आत जायचं. दिवसभर फवारून तो घरी आला, डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाला. दवाखान्यातून तो परतला नाही.

शेतकऱ्यांनी काळजी घेतली नाही, असं तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. मला ते मान्य नाही. पान उलटून पाहिल्याशिवाय जो पंपाला हात लावत नसे, तो निष्काळजी कसा? त्याला पीक ओळखता येत होतं, कीड ओळखता येत होती. डब्यातल्या विषाची ओळख मात्र बारीक अक्षरांत छापलेली होती. त्या उकाड्यात दिवसभर अंगावर ठेवता येईल असा पोशाख त्याच्याजवळ नव्हता.

तुमच्याही वर्गातला कुणी गावी शेती करत असेल. फवारणीच्या दिवसांत त्याला आवर्जून फोन करा. उपाशीपोटी फवारू नको म्हणावं, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नको, तोंड बांध, पूर्ण बाह्यांचे कपडे घाल, घरी गेल्याबरोबर साबणानं आंघोळ कर. डोकं दुखलं, मळमळलं, नजर धूसर झाली, तर पंप तिथंच ठेवून दवाखाना गाठ. आणि जाताना त्या विषाचा डबा सोबत ने. विष कोणतं हे कळलं, तर डॉक्टरांना योग्य उपचार लवकर करता येतात.