जायकवाडीच्या पाण्याचा समुद्र

पाणचक्कीच्या हौदातले मासे पाहायला संभाजीनगरात आलेला पाहुणा हटकून कठड्यावरून वाकतो. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही चक्की चालावी म्हणून डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणलं होतं. ते भिंतीवरून कोसळायचं, दळण दळायचं, हौदात जरा टेकायचं आणि पुढे निघून जायचं. माशांची घाणही त्याच्यासोबत जायची. फिल्टर हा प्रश्नच तिथे उद्भवत नव्हता.

तो उद्भवतो याच शहरातल्या एखाद्या फ्लॅटच्या बैठकीत, जिथे चार काचांमध्ये कुणी समुद्र मांडायला घेतलेला असतो. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचावर, मुंबईचा किनारा रस्त्यानं सव्वातीनशे किलोमीटर दूर. नळाला येतं ते पैठणच्या जायकवाडीचं पाणी, आणि तेही कित्येक वसाहतींत काही दिवसांच्या अंतरानं. थोडक्यात, केशरी अंगावर पांढरे पट्टे मिरवणारा इथला क्लाउनफिश गोदावरीच्याच पाण्यात राहतो, फक्त ते खारं केलेलं असतं. समुद्रापासून लांब राहून समुद्र पाळण्याचं हे वेड जुनं आहे. फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकानं 1850च्या दशकातच कृत्रिम समुद्रपाणी बनवण्याची कृती प्रसिद्ध केली होती.

स्वयंपाकघरातलं मीठ मात्र इथे कामाचं नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडच्या जोडीला मॅग्नेशियम आणि कॅल्शियमही ठरलेल्या प्रमाणात असतं. म्हणून तयार मिश्रण आणायचं, लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम. दोनशे लिटरच्या टाकीतलं दहा टक्के पाणी बदलायचं तर वीस लिटर पाणी आणि सातशे ग्रॅम मीठ एका खेपेला. पाणी आरओचंच हवं, कारण नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार नि नायट्रेट टाकीत शेवाळाची शेती करतात. आणि आरओचं एक लिटर मिळवताना दोन-तीन लिटर वाया जातं. ते बादलीत धरून फरशी पुसायला वापरतात, तरी मनाला लागतंच. पाणी कमी वेळा बदलावं लागेल अशी व्यवस्था, हीच इथल्या फिल्टरची पहिली कसोटी. दुकानात मात्र डब्यावरचा ‘लिटर प्रति तास’ हा आकडा दाखवून माल विकला जातो. पंप किती ढकलतो ते त्या आकड्यावरून कळतं. माशांचं काय होणार ते कळत नाही.

कारण गाळणं हे फिल्टरचं दुय्यम काम आहे. मुख्य काम आहे जिवाणूंना राहायला जागा देणं. माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून अमोनिया सुटतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा त्या नायट्राइटचं नायट्रेट. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञानं 1890च्या सुमाराला ही दोन पायऱ्यांची उतरंड मातीतल्या जिवाणूंवर उलगडून दाखवली. खाऱ्या टाकीत तिची निकड जास्त असते. समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.2च्या आसपास, तिथे अमोनियाचा विषारी वाटा पीएच 7च्या गोड्या पाण्यातल्यापेक्षा दहापटीहून अधिक भरतो. गोड्या पाण्यातला गप्पी जी ढिलाई सोसून जातो, ती इथे जिवावर बेतते. म्हणून नव्या टाकीत मासे सोडण्याआधी चार ते सहा आठवडे ती नुसती चालू ठेवतात. शौकिनांच्या भाषेत टाकी ‘सायकल’ होते. या काळात घरातली मुलं रोज विचारतात, मासे कधी? त्यांना अमोनियाच्या चाचणीची रंगपट्टी दाखवावी. तेवढीच करमणूक.

यापुढचं यंत्र खाऱ्या पाण्याचं खास: प्रोटीन स्किमर. नळीत बारीक बुडबुडे सोडायचे, विरघळलेली सेंद्रिय घाण त्यांना चिकटते आणि वर फेस होऊन कपात साठते. डाळ शिजताना वरचा फेस काढून टाकतात तसंच हे. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, म्हणून ते इथे जमतं. गोड्या पाण्यात ते मोठे होऊन फुटतात. कपातलं तपकिरी पाणी नाक धरून ओतावं लागतं, पण ती घाण अमोनिया होण्याआधीच टाकीबाहेर गेलेली असते. पैसे मोजकेच असतील तर ते रंगीत दिव्यांऐवजी स्किमरवर घालावेत.

कॅनिस्टर की सम्प, हा वाद दुकानात तासभर रंगतो. संभाजीनगरात तो वीज सोडवते. कॅनिस्टर बंद डब्याचा. वीज गेली की आतल्या पाण्यातला प्राणवायू जिवाणू संपवतात आणि मग स्वतःच गुदमरतात; वीज आल्यावर तेच कुबट पाणी माशांवर येतं. खाली ठेवलेली उघडी टाकी, म्हणजे सम्प, जास्त वेळ तग धरते. जागा अडवते, खळखळते, पण तिथे स्किमर बसतो, हीटर लपतो, स्पंज हाताशी राहतो. सोबत बॅटरीवरचा एअर पंप हवाच, कारण तेवढ्याच तापमानाच्या खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षा प्राणवायू सुमारे पंचमांशानं कमी मावतो. कचरा अडवणारे कापडी मोजे आणि स्पंज तीन-चार दिवसांनी धुवावे. जिवाणूंचे सिरॅमिक तुकडे मात्र नळाखाली कधीच नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंची वसाहत उजाड करतं. टाकीतून काढलेल्याच पाण्यात ते हलके खळबळून घ्यावेत.

मे महिना आला की मराठवाड्याचा कोरडा उन्हाळा उलटा उपयोगी पडतो. मुंबईच्या दमट हवेत पंख्यानं पाणी फारसं गार होत नाही. इथे कूलर ज्या कारणानं चालतो, त्याच कारणानं टाकीवर लावलेला छोटा पंखा पाणी दोन-तीन अंशांनी उतरवतो. महागडा चिलर काही आठवड्यांवर निभावतो. मोबदला म्हणून पाणी भराभर उडतं, मीठ मागे उरतं आणि खारटपणा चढतो. तेवढीच भर रोज आरओच्या गोड्या पाण्यानं घालायची, मिठाच्या पाण्यानं नव्हे. नवशिके इथेच चुकतात.

उरला प्रश्न जिवाणूंना बसायला दगड कुठला द्यायचा. 1961 साली जकार्तातल्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत दगड आणि नुसते बुडबुडे यांवर टाकी चालवण्याची रीत लिहून काढली आणि पुढे जगभर तशा दगडांची चाल पडली. आपल्याकडे त्या वाटेनं जाता येत नाही. असे दगड बहुधा प्रवाळाचेच, आणि दगडी प्रवाळ 2001पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कुणी काउंटरखालून ‘ओरिजिनल’ म्हणत पांढरा झुडुपासारखा तुकडा काढला, तर भाव न विचारता सिरॅमिकचे छिद्राळ ठोकळे मागावेत. स्वस्त पडतात, आणि जिवाणू त्यावर तितक्याच खुशीनं बसतात.